कडी

द्रॉपनं पोटावरची लोकर उपटायला घेतली
त्या सकाळी मी कॅलेंडरपाशी गेले
आणि उलटे एकतीस दिवस मोजले.
बोट एका बुधवारी थांबलं.
बुधवारी शाळा दुपारी सुटते,
मी असते टपालाच्या गोदामात, हार्लिंगेनला,
आणि घरात येल्मर, नऊ वर्षांचा, आणि निन्के, सहा.

कुणी काही विचारलं नव्हतं, तरी निन्के म्हणाली,
'ती दोघं जाळीला नाकं लावून बसायची, मेम.
रोज.
आम्ही फक्त कडी काढली.'
'किती वेळ?'
'एक बिस्कीट खाऊन होईपर्यंत.'
'अर्धंच,' येल्मर म्हणाला.

सशाला अर्धं बिस्कीट पुष्कळ झालं.

शेजारचा वीबे कुंपणावर कोपर टेकून म्हणाला,
'आधी नर हलव.
व्यायली त्याच दिवशी पुन्हा भरते ती.
त्याला काळवेळ नाही.'
त्याच्या बापानं ससे पाळले होते, खायला.
हे तो पोरांसमोर बोलला नाही, एवढं बरं.
मी मॉस्टर्टला सायकलींच्या खोलीत नेऊन ठेवलं.
डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
खच्ची केल्यावरसुद्धा महिना-दीड महिना
त्याचा भरवसा धरू नका.
मी हसले.
बऱ्याच दिवसांनी.

सात झाली.
उघडी, मिटल्या डोळ्यांची, अंगठ्याएवढी,
आईच्या लोकरीखाली एकच ढीग
खालीवर होणारा.
मी नियम घालून दिला: पिंजऱ्यात हात घालीन तो मी,
दिवसातून एकदा, वाळल्या गवतात चोळून.
पोटं गोल आहेत ना, तेवढंच बघायचं.
आई जवळ दिसत नाही म्हणजे टाकलीत असं नाही.
ती पहाटे येते,
पाच मिनिटं पाजते, जाते.

'पाच मिनिटं?' निन्के म्हणाली
आणि माझ्या गणवेशाकडे बघत राहिली,
पहाटेच्या पाळीच्या.

तिसऱ्या दिवशी ढिगात सहा.
सातवं तिच्या उशीखाली सापडलं,
लोकरी हातमोज्यात, अंगठ्याच्या कप्प्यात,
नीट घडी घातल्यासारखं.
दगडासारखं गार.
'त्याला एकट्याची आई हवी होती,' ती म्हणाली.
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
गार आहे म्हणून मेलं म्हणू नये,
ऊब देऊन बघावं, हेही वीबेचंच.
सदऱ्याची दोन बटणं काढून
मी त्याला छातीशी धरलं
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिले
कामाला उशीर होईपर्यंत.
मग एक लाथ बसली, कातडीवर, बाहेरून.
आतून बसलेल्या अशा लाथा
मला दोनदा माहीत होत्या.

ते जगलं.
पाचव्या दिवशी मेलं दुसरंच,
कुणीही हात न लावलेलं,
भर उबेत, मधोमध.
पोरांनी ते पाटाच्या काठी पुरलं.
येल्मरनं मला विचारलं, मग नियम कशाला?
मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, हात धुऊन या.

डोळे उघडले, कान उभे राहिले,
घरं शोधणं सुरू झालं:
एक वर्गातल्या हिल्केला, एक विचारते म्हणाली आणि गप्प झाली.
आणि शनिवारी श्यूर्ड आला, तेर्स्खेलिंगच्या बोटीनं,
दर पंधरवड्यासारखा पोरांना न्यायला.
एरवी तो फाटकाबाहेरून हॉर्न वाजवतो.
आज फाटकाची कडी आधीच निघालेली.
कुणी काढली, मी विचारलं नाही.
दोघंही खिडकीत होती,
काचेला नाकं लावून.

तो पिंजऱ्यापाशी बराच वेळ उकिडवा बसला.
'दोन मी बेटावर नेतो, दूध सुटलं की.'
'दोन्ही माद्या ने,' मी म्हणाले,
'आणि नीट बघून घे आधी.'
पिंजऱ्याला मी नवं कुलूप घातलंय,
किल्ली माझ्या खिशात असते.
कॉफी केली.
बशीत एकच बिस्कीट ठेवलं.
त्यानं ते मोडलं,
अर्धं माझ्या बाजूला सरकवलं,
आणि बोटीची वेळ बघितली.